वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीचं पान

भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच साली मोहाडी तालुक्यात एक महाविद्यालय उघडलं. नाव कशाला घ्या? नाव घेतलं की परिपत्रक निघतं. तिथले प्राचार्य गोपीचंद लांजेवार सर दर सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभे राहून म्हणत, "गोंदियानं रेल्वेचं जंक्शन नेलं, भाताच्या गिरण्या नेल्या, पण ज्ञान मात्र भंडाऱ्यातच राहिलं!" पोरं टाळ्या वाजवत, कारण टाळ्यांनंतर बुंदी मिळायची. ज्ञान भंडाऱ्यात राहिलं होतं हे खरंच होतं. फक्त ते सरांच्या केबिनमध्ये नव्हतं. ते जिन्याखालच्या खोलीत मालनबाई गजभिये यांच्यासोबत बसलेलं असे.

मालनबाई शिपाई. करडी गावची लेक. नवरा ह्याच कॉलेजात शिपाई होता. तो गेला आणि अनुकंपावर बाईंना घेतलं, तेव्हा त्या सातवी पास होत्या. मग सतरा नंबरचा फॉर्म भरून त्यांनी दहावी दिली. पहिल्या खेपेला इंग्रजीत गचकल्या, दुसऱ्या खेपेला बरोब्बर पस्तीस घेऊन निघाल्या. ते पस्तीस गुणांचं इंग्रजी पुढे संस्थेच्या किती कामी येणार होतं, हे तेव्हा कोणाला ठाऊक असतं, तर कोणीतरी त्यांना नक्की नापास केलं असतं.

सतरा वर्षांच्या नोकरीत संस्थेनं त्यांना टेबल दिलं नाही, कपाट दिलं नाही. पुढे कॉम्प्युटर आले, प्रत्येकाला आपापलं खातं आणि पासवर्ड मिळाला. सरांना मिळाला, लायब्ररीच्या चंदा मॅडमना मिळाला, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका प्राध्यापकांचंही खातं कोणाच्या तरी निष्काळजीपणामुळे उघडलं गेलं. मालनबाईंना मिळालं नाही. शिपायाला खातं कायले, असं विचारण्याची वेळही कोणावर आली नाही, कारण तो विचारच कोणाच्या डोक्यात आला नाही.

सर्व्हर नावाचं ते काळं खोकं आलं ते मूल्यांकन समितीच्या धाकानं. समिती येणार म्हणून खोकं घेतलं, खोक्याला थंडावा हवा म्हणून एसी घेतला, आणि एसी सरांच्या केबिनमध्ये बसवला. खोक्याला जिन्याखालची खोली आणि एक टेबलफॅन मिळाला. खोलीत आधी कबड्डीच्या चटया ठेवत, त्यांचा वास अजून गेलेला नव्हता. समितीनं कागदावर विचारलं होतं, 'लॉगिनच्या नोंदी ठेवता काय?' म्हणजे कोण कधी आत शिरलं, कोणाचा पासवर्ड चुकला, कॉम्प्युटरच्या कुठल्या आकडी पत्त्यावरून कोणी दार ठोकलं, ह्याची यादी. ती यादी खोकं आपली आपण लिहीतच असतं. पण जे कागदावर नाही ते जगातच नाही, अशी लांजेवार सरांची श्रद्धा. त्यांनी परिपत्रक काढलं: आदल्या दिवसाच्या नोंदी रोज सकाळी छापाव्यात, पानांना क्रमांक द्यावेत, 'पाहिले' असा शिक्का मारून प्राचार्यांची सही घ्यावी व फाइल करावी. समिती आली, फायलींची रांग पाहून खूश झाली, जेवून गेली. परिपत्रक मात्र मागे राहिलं. छापायचं काम दीपमालाचं, आणि पंच करून, शिक्का मारून, सही घेऊन फायलीत लावायचं काम मालनबाईंचं.

दीपमाला खोब्रागडे ही कंत्राटी संगणक ऑपरेटर, एकोडीची. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. म्हणजे वर्षातून एक दिवस ती संस्थेची कोणीच नसे, आणि उरलेले दिवस सगळी संस्था तिच्या जिवावर चाले. प्रवेशाच्या याद्या तिच्याकडे, परीक्षेचे फॉर्म तिच्याकडे, आणि अंतर्गत गुण भरायचं कामही तिचंच.

लांजेवार सर त्या पानांवर सह्या कशा करत ते बघण्यासारखं होतं. डावा हात फोनवर, उजवा हात पेनवर, नजर खिडकीतून बाहेर. मालनबाई पान सरकवत आणि सरांची सही उमटे. ते न वाचता सही करत म्हणून त्यांना शहाणे म्हणावं की काय म्हणावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मालनबाईंना मात्र हाती आलेला कागद वाचल्याशिवाय राहवत नसे. चिवड्याच्या पुडीचा कागदही त्या उलगडून वाचत.

एक दिवस त्यांनी दीपमालाला विचारलं, "पोरी, हे रोजचे एवढे 'फेल्ड' काय होये? कोण नापास होऊन राहिलं?"

दीपमाला हसली आणि तिनं समजावून सांगितलं. बाईंनी मग आपली भाषा ठरवून टाकली: पासवर्ड चुकला तो नापास, बरोबर निघाला तो पास. आणि एकदा शाळेच्या भाषेत आल्यावर त्यांना काही अवघड राहिलं नाही. आयुष्यभर परीक्षेच्या हॉलमध्ये पाणी वाटलेली बाई ती. कोण खरंच विसरलं आहे आणि कोण शेजारच्याच्या पेपरात डोकावतो आहे, हे तिला पाठमोऱ्या मानेवरून कळायचं.

महिनाभरात त्यांना पानं तोंडपाठ झाली. दीपमाला रोज साडेदहाच्या सुमाराला एका झटक्यात पास. चंदा मॅडम दुपारच्या जेवणानंतर एकदा नापास, मग पास. लांजेवार सर रोज सकाळी तीनदा नापास. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत एक मिनिट, कारण चष्मा शोधायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेत चार मिनिटं, कारण दीपमालावर ओरडायचं.

"माणूस चुकते तं माणसावाणी चुकते," मालनबाई म्हणाल्या. "थांबते, डोक्शं खाजवते, चहा पिते. पण हे पाह्य. दर दोन सेकंदाले एक. ना चहा, ना पाणी. हा माणूस नोहे."

"मशीन आहे मावशी ते. जगात कुठूनतरी चालवतात. एकामागून एक नावं आणि पासवर्ड घालून पाहते."

"आन् ही नावं कोणाची? रूट, ॲडमिन, टेस्ट, गेस्ट. आपल्या कॉलेजात ह्या नावाचं कोणी नाई."

"तेच तर. त्याले आपण कोण, हे ठाऊकच नाही. गल्लीतून जाता जाता दिसेल त्या घराची कडी हलवते, तसा. असा रोज एखादा येतेच. त्याचं भ्या नाही."

"मंग भ्या कोणाचं?"

दीपमालानं जरा विचार केला. "ज्याले आपली नावं ठाऊक आहेत त्याचं. आणि नापासांच्या लांब रांगेच्या शेवटी एक पास दिसला, त्याचं सगळ्यात जास्त."

मालनबाईंनी हे मनात पक्कं करून ठेवलं. करडीला त्यांच्या भावाच्या धानाच्या बांधीला काट्यांचं कुंपण होतं, आणि रानडुक्कर ते कसं पारखतं हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. ते धडक मारत नाही. खुंटाखुंटाला नाक लावत जातं आणि जो खुंट हलतो तिथून आत शिरतं. सकाळी आधी खुंटाजवळची ओली माती बघायची असते. धान किती खाल्लं ते मागाहून कळतंच.

आता कॉलेजचे खुंट कसे होते तेही सांगायला हवं. खोकं आलं तेव्हा त्यात एक सोय होती: पाचदा पासवर्ड चुकला की खातं अर्धा तास बंद. चांगली सोय. पण दर सोमवारी सरांचंच खातं बंद पडू लागलं. सरांनी कैलाशला बोलावलं. कैलाश म्हणजे तुमसरचा, संस्थेच्या कॉम्प्युटरांची वार्षिक देखभाल पाहणारा. तो वर्षातून चारदा येई आणि पंख्याची धूळ पुसून जाई. सर म्हणाले, "हे कुलूप काढून टाक." कैलाशनं काढून टाकलं. एकट्या सरांचं काढता येत होतं, पण तेवढं शोधत कोण बसतो? त्यानं सगळ्यांचंच काढलं. सरांना घरूनही काम पाहता यावं म्हणून बाहेरच्या जगाचं दार त्यानं आधीच उघडून दिलं होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे आंधळ्यानं कुत्र्याला घरची वाटही दाखवली होती.

तेवढ्यानं भागलं नाही. सरांनी आणखी एक परिपत्रक काढलं: सर्वांचे पासवर्ड एकसारखे असावेत, म्हणजे आधी स्वतःचे नाव व पुढे जन्मवर्ष, जेणेकरून कोणी रजेवर असल्यास काम अडणार नाही. काम अडू नये ह्याची सरांना भारी काळजी, विशेषतः जे काम ते स्वतः करत नसत त्याची.

आणि मग वाढदिवस. आपल्याकडे वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागला नाही तर माणूस जन्मलाच नाही असं समजतात. सरांनी फ्लेक्स वेबसाइटवर नेला. कॉलेजच्या वेबसाइटवर अभ्यासक्रम सापडत नसे, पण 'शुभेच्छा कक्ष' पहिल्याच पानावर झळके: फोटो, पूर्ण नाव, गाव, तारीख आणि फुलांची कमान. चौकातल्या फ्लेक्सवर फार तर बसची वाट पाहणारे लोक जन्मतारीख वाचत. इथे सगळ्या जगाला वाचण्याची सोय झाली. बायकांचं वय छापू नये एवढी सभ्यता सरांनी पाळली होती. स्वतःच्या वेळी मात्र त्यांनी हौसेनं छापून घेतलं: 'चोपन्नावा वाढदिवस!'

ती तारीख दोन हजार सतराची चार जुलै. त्या दिवशी सरांतर्फे जिलबी आणि चिवडा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाई उरलेला चिवडा खात बसल्या. पाच जुलैचं पान सहाच्या सकाळी छापून आलं तेव्हाही डब्यात चिवडा होताच, आणि तेलकट बोटाचा एक डाग पानाच्या कोपऱ्यावर पडला. पानावर सरांचं नाव नापास, नापास, पास असं होतं. हे सरांचं जवळपास रोजचंच, म्हणून बाईंनी आधी लक्ष दिलं नाही. मग पत्त्याकडे नजर गेली. कॉलेजचा पत्ता त्यांना पाठ होता, सरांच्या घरचाही. हा तिसराच होता. आकड्यांच्या शेवटी एकशे सत्तावन्न. आणि तीनही खेपा सहा सेकंदांत! सरांना सहा सेकंदांत चष्म्याची डबीसुद्धा उघडत नसे.

त्यांनी पान पुढे केलं. "सर, हे जरासंक पाहा बरं. तुमच्या नावावर कोणी दुसरा शिरला वाटते."

सरांनी सही केली आणि म्हणाले, "मालनबाई, तुम्ही फक्त फाइल करा. वाचत बसू नका."

बाईंनी फाइल केली. वाचणं मात्र सोडलं नाही. लाल पेन्सिलीनं त्या पत्त्याखाली रेघ मारली आणि त्याला नाव ठेवलं, एकशे सत्तावन्नवाला. ऑगस्टमध्ये चंदा मॅडमचा वाढदिवस झाला, आलुबोंडे आले. दुसऱ्या दिवशी एकशे सत्तावन्नवाला चंदा मॅडमच्या नावावर चाळीसदा नापास होऊन गेला. मॅडमनी जन्मवर्षाच्या जागी लग्नाचं वर्ष टाकलं होतं, म्हणून वाचल्या. नोव्हेंबरात आणखी एकाचा वाढदिवस, समोसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पाहुणा. आता बाईंना पक्कं कळलं. हा गल्लीतून जाणारा उडाणटप्पू नव्हता. हा शुभेच्छा कक्ष वाचून येत होता. संस्थेत सगळ्यांचे वाढदिवस इतक्या नेमानं लक्षात ठेवणारा दुसरा कोणी नव्हता.

नऊ जानेवारीला दीपमालाचा वाढदिवस झाला. कंत्राटींचा फोटो वेबसाइटवर लागे, खाण्याचा खर्च मात्र ज्याचा त्यानं करायचा. तिनं घरून तर्रीपोहे आणले. दुसऱ्या दिवशी, दहा तारखेला, दुपारी दोघी जिन्याखाली डबा खात बसल्या होत्या. त्याच दिवशी तिचा करार संपत होता. अकरा तारीख तिच्या खंडाची.

अकराच्या सकाळी दुसऱ्याच एकानं पान छापून दिलं आणि मालनबाईंच्या हातातला पंच तसाच राहिला. एक पान नव्हतं, सव्वीस पानं होती. दहा तारखेच्या दुपारी एक वाजून दहा मिनिटांपासून दीपमाला, दीपमाला, दीपमाला. दर दोन सेकंदाला एक, सगळे नापास, सगळे एकशे सत्तावन्नवाल्याचे. बाईंनी बोटानं ओळ धरून एकेक मोजले. अकराशे एकोणचाळीस नापास. आणि एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी शेवटी एक पास. त्या वेळी दीपमाला त्यांच्या शेजारी बसून वांग्याची भाजी खात होती.

बाई धावतच केबिनमध्ये गेल्या. "सर, दीपमालाच्या खात्यात चोर शिरला. आत्ताच्या आत्ता तिचं खातं बंद करा."

"दीपमाला आज आपली कर्मचारी नाही," सर म्हणाले. "उद्या रुजू झाली की तिला लेखी अर्ज द्यायला सांगा." आणि सव्वीस पानांवर सव्वीस सह्या केल्या.

बारा तारखेला दीपमाला आली, बाईंनी दारातच तिला सांगितलं, तिनं लगेच पासवर्ड बदलला आणि लेखी अर्जही दिला. अर्ज ट्रेमध्ये पडला. ट्रेमध्ये पडलेला कागद वर यायला त्या कॉलेजात पूर यावा लागतो.

पूर आला फेब्रुवारीत. अंतर्गत गुणांच्या याद्या तपासताना अकरा पोरांचे गुण फुगलेले निघाले. वर्षभरात जेमतेम सत्तावीस हजेऱ्या असलेल्या पोराला वीसपैकी एकोणीस. बदल झाला होता अकरा जानेवारीला, दीपमालाच्या खात्यातून. कोणीतरी बाहेर बसून गुण विकायचं दुकान मांडलं होतं हे उघड होतं. पण उघड गोष्ट बघायला डोळे उघडे लागतात. सरांनी दोन दिवसांत निकाल लावला: दीपमालाची सेवा समाप्त, आणि तिच्या नावानं पोलिसात तक्रार. अध्यक्षांपुढे बैठक घेऊन तेवढ्यावर शिक्का मारायचा बाकी होता. नोकरी गेली तर गेली, पण गुण विकणारी म्हणून नाव लागलेल्या बाईला पुढे कुठल्या शाळेच्या दारात उभं करतात? एकोडीपर्यंत ही बातमी तिच्या आधी पोचली असती. चार दिवस तिनं डबा उघडला नाही. मालनबाई तिच्या समोर बसत आणि स्वतःचाही डबा तसाच बंद करत.

बैठकीच्या आदल्या दिवशी सर मालनबाईंना म्हणाले, "उद्या चहा वेळेवर आणा. आणि बोलू नका. मे महिन्यात तुमची निवृत्ती, पेन्शनचे कागद माझ्याच टेबलावर आहेत. माहीत आहे ना?"

बाईंना माहीत होतं. घाबरल्या नाहीत म्हणणं खोटं होईल. संध्याकाळी घरी त्यांच्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं.

बैठकीला अध्यक्ष टेकचंदजी आले. भातगिरणीवाले, कमी शिकलेले, पण पोत्याला हात लावून ओलावा सांगणारे. सरांनी आरोप वाचले. पहिला, गुण तिच्या खात्यातून बदलले. दुसरा, बारा तारखेला तिनं घाईनं पासवर्ड बदलला, म्हणजे मनात पाप होतं. तिसरा, परिपत्रकाचा भंग करून तिनं नाव आणि जन्मवर्षापुढे स्वतःच्या मनानं दोन आकडे जोडले होते. ह्या तिसऱ्या आरोपावर सर जास्त वेळ बोलले. त्या दोन आकड्यांमुळेच चोराला अकराशे चाळीस खेपा घालाव्या लागल्या होत्या, पण परिपत्रकात तशी तरतूद नव्हती.

"सर, माझ्या खात्यावर हल्ला झाला होता," दीपमाला म्हणाली. "मी लेखी दिलं आहे. दहा तारखेच्या नोंदी पाहा."

सरांनी बैठकीला बोलावलेल्या कैलाशकडे पाहिलं. कैलाश म्हणाला, "नोंदी नाही राहिल्या मॅडम. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ टाकायले जागा नव्हती. पंचवीस जानेवारीले मी जुने लॉग उडवले ना."

"म्हणजे पुरावा नाही," सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

दीपमाला खाली बघत उभी राहिली. मालनबाईंनी चहाचा ट्रे अध्यक्षांसमोर ठेवला, खाली गेल्या, आणि परत आल्या त्या छातीशी दोन बॉक्स फायली धरून.

"पुरावा हाय," त्या म्हणाल्या.

"मालनबाई, बाहेर जा! ते कागद अधिकृत नाहीत."

"अधिकृत कसे नाई, सर? हरेक पानावर शिक्का हाय, 'पाहिले' म्हणून. आन् खाली तुमचीच सही."

टेकचंदजींनी हात पुढे केला. "आना बाई इकडं."

मालनबाईंनी सव्वीस पानं टेबलावर मांडली आणि पस्तीस गुणांच्या इंग्रजीत वाचून दाखवलं: कुठला पत्ता, किती नापास, किती सेकंदांच्या अंतरानं, आणि शेवटचा पास. "दीपमाला स्वतः आत शिरती तं एका झटक्यात शिरती. रोज शिरते, ही पाहा मागची पानं. आपल्याच घरात शिराले कोणी अकराशे खेपा कडी वाजवते का? आन् तेवढ्या वेळ ती माह्याजवळ जेवून राहिली होती."

"पण त्या चोराले हिचंच खातं काहून पाहिजे होतं?" टेकचंदजींनी विचारलं. "गुण हिच्याकडं असतात हे त्याले कोण सांगितलं?"

मालनबाईंचा हात दुसऱ्या फायलीवर थांबला. सर त्यांच्याकडे रोखून पाहत होते. पेन्शनचे कागद त्या नजरेत स्पष्ट दिसत होते. मग बाईंनी दीपमालाकडे पाहिलं आणि फाइल उघडली. पान शोधावं लागलं नाही. कोपऱ्यावरचा तेलाचा डाग वरूनच दिसत होता.

"हे पाच जुलैचं. सरांच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाचं. तोच पत्ता, एकशे सत्तावन्न. नापास, नापास, पास. सहा सेकंद. तवापासून तो सरांच्या खात्यात येऊन-जाऊन राहिला हाय. कोणाकडं कोणतं काम, हे त्यानं तिथंच वाचलं असन. पत्ता मी लाल पेन्सिलीनं दाखवला हाय, त्रेचाळीस ठिकाणी. त्रेचाळीस सह्या."

टेकचंदजींनी पान डोळ्यांजवळ नेलं. "तिसऱ्या खेपेतच? असा काय पासवर्ड होता, प्राचार्य?"

"परिपत्रकाप्रमाणेच होता," सर पुटपुटले.

नाव आणि जन्मवर्ष. वेबसाइटवर चोपन्नावा वाढदिवस. सगळ्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. कैलाशनं तर बोटांवर केली.

"आता तरी बदलला का?" टेकचंदजींनी विचारलं.

सर चष्मा पुसू लागले. दीपमालानं पहिल्यांदा मान वर केली. "आज सकाळीच सरांचा चुकत होता, मी घालून दिला. तोच आहे."

टेकचंदजींनी दीपमालाच्या समाप्तीचा कागद उभा-आडवा फाडला. तिथल्या तिथे तिचा करार चालू ठेवायचा हुकूम झाला. मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून त्या कप गोळा करू लागल्या.

"अध्यक्षसाहेब, ही पानं भंडाऱ्याले सायबर पोलिसांकडं न्या," त्या कप उचलता उचलता म्हणाल्या. "पत्ता हाय, तारखा हायेत. चोर सापडन."

पण टेकचंदजींनाही शेवटी संस्था चालवायची होती, आणि पुढच्या महिन्यात प्रवेशाची जाहिरात होती. "बाई, पेपरात आलं तं पोट्टे येतील का आपल्या कॉलेजात?" ठराव झाला तो असा: गुण पूर्ववत करावेत, अज्ञात व्यक्तीचा निषेध करावा, कैलाशनं कुलूप परत बसवावं, आणि कागदाचा अपव्यय टाळण्यासाठी नोंदी छापणं एक जूनपासून बंद करावं. शेवटचं कलम लांजेवार सरांनी सुचवलं. फायलींनी केलेला घात ते विसरणार नव्हते.

एकतीस मेला मालनबाई निवृत्त झाल्या. पेन्शनचे कागद टेकचंदजींनी स्वतः मागवून घेतले, म्हणून सुटले. शाल मिळाली, नारळ मिळाला, सरांनी भाषण केलं. 'आमच्या संस्थेचा तिसरा डोळा' असं ते म्हणाले, आणि वेबसाइटवर फुलांच्या कमानीत बाईंचा फोटो झळकला. पूर्ण नाव, गाव करडी, जन्मतारीख एक जून. ती तारीख शाळेतल्या गुरुजींनी ठरवलेली. त्यांच्या वर्गातले निम्मे लोक एक जूनलाच जन्मले होते. वर्षही छापलं होतं. शिपायाच्या वयाला सभ्यता लागू नव्हती.

दोन जूनला बाई किल्ल्या परत द्यायला आल्या. छापणं बंद झालं होतं, तरी दीपमालानं एक पान छापून ठेवलं होतं. "मावशी, कालचं आहे. तुमच्यासाठी काढलं."

मालनबाईंनी चष्मा लावला. पत्ता ओळखीचा होता. एकशे सत्तावन्न. आणि त्याच्यासमोर, ओळीखाली ओळ, त्यांचं स्वतःचं नाव. मालनबाई, नापास. मालनबाई, नापास. कुलूप परत बसवलेलं होतं, पण ज्या नावाचं खातंच नाही त्याला कुलूप तरी कसं लागणार? दोनशे बारा खेपा.

बाई आधी हसल्या. मग हसता हसता थांबल्या. सतरा वर्षं त्या संस्थेत राबल्या, आणि इथे आपल्याला एक खातं असेल असं वाटलं ते फक्त एका चोराला.

त्यांनी दीपमालाच्या टेबलाच्या ड्रॉवरमधून शिक्का काढला, पानावर 'पाहिले' मारलं आणि सरांच्या सहीच्या जागी स्वतःची सही केली.